रुई बीटी आहे की नाही? प्रयोगशाळेच्या तपासणीविषयी व्यापाऱ्यांनी जाणून घ्यावे

कापडाच्या धंद्यात आता एक नवा सवाल विचारला जातो. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचे, माल सुती आहे की मिलावटी? त्याचे उत्तर आम्ही बसल्या जागी देत असू. एक धागा काढून जाळला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि हाती राख उरते, म्हणजे सूत. गोळी झाली तर टेरिलिन. आज मोठे खरेदीदार, विशेषतः परदेशी माल पाठवणारे, विचारतात की हा कापूस सेंद्रिय आहे काय, त्यात बीटी नाही याचा दाखला आहे काय? हे धागा जाळून कळत नाही आणि हात फिरवूनही कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. या तपासणीने काय कळते आणि काय कळत नाही, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे जरूर आहे.

बीटी म्हणजे काय?

मातीत राहणाऱ्या एका जिवाणूच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे बीटी. या जिवाणूतील बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करणारा जनुक कापसाच्या झाडात घातला, की ते झाड स्वतःच ते प्रथिन बनवते. 26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या समितीने अशा बियाण्यास पहिली मंजुरी दिली. ते बियाणे आमच्या शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीचे होते. 2006 मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. पुढे देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. तेव्हा मानवत किंवा सेलूच्या मोंढ्यात येणारा माल दाखला नसेल तर बीटीच समजावा, हे व्यवहाराचे शहाणपण आहे.

तपासणीचे दोन प्रकार

पहिली तपासणी पट्टीची. सरकी किंवा पान कुटून द्रावणात मिसळतात व त्यात कागदी पट्टी बुडवतात. काही मिनिटांत एक रेघ उमटली तर प्रथिन नाही, दोन उमटल्या तर आहे. एकही उमटली नाही तर पट्टीच खराब समजावी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे संच तयार केले. ही तपासणी स्वस्त आहे आणि जागेवर होते. मात्र पट्टी ज्या प्रथिनासाठी बनवली, तेवढेच ती ओळखते. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशकाला दाद न देणारे, त्या वेळी परवानगी नसलेले कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले. त्यातला तो जादा गुण साध्या बीटीच्या पट्टीवर दिसत नाही. त्याची पट्टी वेगळी असते.

दुसरी तपासणी पीसीआर. हिच्यात प्रथिन नव्हे, तर प्रत्यक्ष जनुकाचा तुकडा शोधतात. नमुन्यातील डीएनए काढून तो यंत्रात आळीपाळीने तापवतात व थंड करतात. प्रत्येक फेरीत हवा तो तुकडा दुप्पट होतो. 30 फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. म्हणून अगदी थोडी मिसळही पकडली जाते.

कोणत्या मालाची तपासणी होते?

बियाणे, पान, सरकी आणि जिनिंगमधून निघालेली रुई यांची होते. 2019 मध्ये कापूस व वस्त्रांतील अशा तपासणीसाठी आयडब्ल्यूए 32 नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. तीही रासायनिक प्रक्रिया न झालेल्या मालापुरतीच आहे. कापड खारात उकळले, ब्लीच केले, रंगवले की डीएनए तुटून जातो. म्हणून तयार साडी किंवा चादर दाखवून ‘हिची तपासणी करून द्या’ म्हणणे व्यर्थ आहे. सरकीच्या शुद्ध केलेल्या तेलाचेही तसेच, कारण त्यात प्रथिन व डीएनए जवळजवळ उरतच नाही. ढेपेत ते राहते, पण घाणीच्या उष्णतेने प्रथिन बिघडते. तिथे पट्टीपेक्षा पीसीआरवर भरवसा ठेवावा.

याचा अर्थ साफ आहे. कापडाचा सच्चेपणा दुकानात सिद्ध होत नाही. तो जिनिंगवरच सिद्ध करावा लागतो, पुढे फक्त कागद चालतो. आणि कागद खोटाही असतो. ऑक्टोबर 2020 मध्ये सेंद्रिय वस्त्रांना मानांकन देणाऱ्या गॉट्स संस्थेने जाहीर केले की भारतातील 20,000 टन कापूस बनावट दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला. 11 कंपन्यांवर बंदी आली. अशा प्रकरणानंतर प्रामाणिक व्यापाऱ्याच्या मालाकडेही शंकेने पाहिले जाते.

नमुना नीट, तर तपासणी नीट

समजा, मालात शेकडा एक सरकी बीटीची आहे. दहा सरक्या तपासल्या तर दहापैकी नऊ वेळा ती मिसळ सुटून जाईल. ती पकडण्याची शेकडा 95 खात्री हवी असेल, तर सुमारे 300 सरक्यांचा नमुना लागतो, तोही ढिगाच्या वरून नव्हे, निरनिराळ्या जागांहून घेतलेला. एक टक्का हा आकडा अन्नधान्याच्या व्यापारातही येतो. सोयाबीनसह 24 पिकांचा खाद्य माल आयात करताना 2021 पासून जनुकीय बदल नसल्याचा दाखला मागितला जाऊ लागला, आणि नकळत मिसळीची मर्यादा एक टक्का ठरली.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे वाण दिले आहेत. ‘परभणी तुराब’ त्यांपैकीच एक. बाजारातील बीटी बियाणे बहुतांशी अमेरिकन जातीचे आहे आणि देशी कपाशीशी त्याचा संकर सहजासहजी होत नाही. त्यामुळे देशी मालात बीटी येते ते शेतातून कमी आणि गाडीतून, गोदामातून, जिनिंगमधून जास्त. गादी-रजईचे काम करणाऱ्या पिंजारी बांधवांना देशी रुईचे मोल ठाऊक आहेच. तिला चांगला भाव मिळवायचा तर आधीची बीटी रुई यंत्रातून पूर्ण काढून, यंत्र झाडून मगच देशी माल घालावा.

व्यापाऱ्यांनी काय करावे? नमुना दोन्ही पक्षांसमोर घ्यावा, त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करावेत. एक प्रयोगशाळेला, एक विकणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे काय, आणि ती याच तपासणीसाठी आहे काय, ते पाहावे. अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ त्या नमुन्यात आढळले नाही एवढाच होतो. साऱ्या गोदामाची ती हमी नव्हे. गठाणीचा नंबर, जिनिंगची तारीख व अहवालाचा क्रमांक एकाच पावतीवर लिहून ठेवावा. ज्याच्याकडे अशी पावती नाही त्याने ‘सेंद्रिय’ म्हणून जादा दाम घेऊ नये. सुती म्हणून विकावे. सुती मालालाही गिऱ्हाईक आहेच.