हळद, आवळा आणि मधुमेह

मधुमेहात रक्तातील साखर वाढते, हे आपण सारे जाणतो. परंतु खरी हानी होते ती डोळ्यांच्या पडद्याची, मूत्रपिंडांची आणि मज्जातंतूंची. जादा साखर पेशीत जळू लागली, की प्राणवायूचे अतिक्रियाशील कण निर्माण होतात आणि लोखंडाला गंज चढावा तशी पेशीची झीज होते. आवळ्यातील क जीवनसत्त्व, हळदीतील कर्क्युमिन ही द्रव्ये असे कण निकामी करतात. मग हेच औषध का नव्हे?

मधुमेही उंदरांवर कर्क्युमिनचा गुण दिसला आहे; परंतु माणसाच्या आतड्यांतून ते फारच थोडे रक्तात उतरते. वनस्पतितेलांतील ई जीवनसत्त्वाची तर मोठी परीक्षा झाली. ‘होप’ चाचणीत सुमारे साडेनऊ हजार माणसे होती. त्यांपैकी ३,६५४ मधुमेही. निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षे ते रोज दिले. हृदयविकार घटला नाही, मूत्रपिंडेही सावरली नाहीत. उलट १९९८ साली ब्रिटनमधील अभ्यासात साखर काटेकोर आवरल्याने सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा हळद आपल्या आमटीत अवश्य असावी; मात्र तिच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन आपण कदापि सोडू नये.