‘दवाखान्यात जाऊन येते’

“जरा दवाखान्यात जाऊन येते.” मुंबईच्या चाळीतली किंवा वस्तीतली बाई एवढं सांगून घराबाहेर पडली, तर सहसा कुणी तिला अडवत नाही. तीच बाई पोलीस ठाण्यात जाते म्हणाली, की सगळं घर आडवं येतं. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयातलं, हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं ‘दिलासा’ केंद्र या एका वाक्याच्या बळावर उभं आहे, असं मी मानते. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून २००० च्या सुमारास ते सुरू केलं. सरकारी रुग्णालयाच्या आत चालणारं अशा प्रकारचं ते देशातलं पहिलं केंद्र.

सुरुवातीचा भर घरातल्या हिंसेवर होता. “जिन्यावरून पडले” असं सांगत बाई कॅज्युअल्टीत येते, टाके घालून घेते आणि त्याच घरी परत जाते. हे रोज पाहणाऱ्या डॉक्टरांना नि सिस्टरांना पुढचा प्रश्न विचारायला शिकवणं, हे ‘दिलासा’चं पहिलं काम होतं. लैंगिक अत्याचारानंतरच्या उपचारांची आणि तपासणीची नीट घडी बसवायला २००८ पासून मुंबईतल्या तीन पालिका रुग्णालयांत सुरुवात झाली.

तोवर रुग्णालयांत काय चालत असे? बाई स्वतःहून आली, तर आधी पोलिसांची चिठ्ठी मागितली जाई. तपासणी म्हणजे तिच्या शरीरावर चालवलेला खटलाच. ‘दोन बोटांची चाचणी’ नावाचा प्रकार करून ती ‘सरावलेली’ आहे का, असा शेरा डॉक्टर कागदावर लिहीत, आणि आरोपीचा वकील तोच कोर्टात वाचून दाखवी. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांतल्या त्रुटींवर अहवाल लिहिला आणि २०१० मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. ही चाचणी बाईच्या खासगीपणावर घाला घालते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये आणखी कडक शब्दांत बजावलं, की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल. ज्या चाचणीला विज्ञानाचा कसलाच आधार नव्हता, ती थांबवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दोनदा बोलावं लागलं, याची मला आजही चीड येते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा एका ओळीचा आहे: उपचार आधी. कायदाही तेच सांगतो. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने ताबडतोब आणि फुकट उपचार द्यायचे. नाकारले तर तो गुन्हा आहे.

या उपचारांत घड्याळाला फार महत्त्व असतं. नको असलेली गर्भधारणा टाळणारी गोळी पहिल्या ७२ तासांत, जितकी लवकर तितकी चांगली. पाचव्या दिवसापर्यंतही तिचा उपयोग होऊ शकतो. एचआयव्हीपासून बचावाची औषधं मात्र ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात आणि ती पुढे २८ दिवस घ्यायची असतात. गुप्तरोगांवरची औषधं, काविळीची (हिपॅटायटिस बी) लस, जखमा असतील तर धनुर्वाताचं इंजेक्शन, हे सगळं त्याच भेटीत होतं. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. म्हणून अंघोळ न करता, कपडे न धुता यावं, असं सांगितलं जातं. पण घडल्या प्रकारानंतर अंगावर पाणी ओतून घ्यावंसं वाटणं किती स्वाभाविक आहे! अंघोळ झाली, चार दिवस उलटले, तरी यावं. उपचारांचं दार बंद होत नाही, आणि अंगावर जखम दिसली नाही म्हणून काही घडलंच नाही, असा निष्कर्ष डॉक्टरांना काढता येत नाही.

आता संमतीचा मुद्दा, आणि इथे मी थोडी थांबते. सज्ञान बाईला उपचारांना हो आणि तपासणीला नाही म्हणता येतं. अमुक भाग तपासा, तमुक नको, असंही म्हणता येतं. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं, पण तिला तक्रार पुढे न्यायची नसेल, तर तिचा नकार समजून-उमजून दिलेला आहे अशी नोंद होते आणि उपचार चालूच राहतात. मूल अठराच्या आतलं असेल, तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं सक्तीचं. जिच्या ‘नाही’ला कुणी किंमत दिली नाही, तिला काही तासांतच कुणीतरी विचारतं, “हे करू का?” या प्रश्नाला मी औषधाइतकंच मोल देते.

‘दिलासा’च्या खोलीतल्या समुपदेशक ताईंचं काम इथून सुरू होतं. झोप लागत नाही, वास आला की मळमळतं, घटनेचा क्रम आठवत नाही, रडूही येत नाही. असा धक्का बसलेल्या माणसाचं असंच होतं, हे आधी त्या बाईला सांगायचं आणि मग तिच्या आईला, नवऱ्याला. “तू गेलीसच कशाला?” हा घरातला प्रश्न थांबवणं हे या कामातलं अवघड कलम आहे. पोलीस ठाण्यात काय विचारतील, कोर्टात कुठे उभं राहायचं, हेही त्याच खोलीत समजावून सांगता येतं.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. त्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. जबाब महिला अधिकारी घेते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. डॉक्टरांनी सात दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सुनावणी बंद दाराआड होते आणि तिची ओळख छापणं हा गुन्हा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तिला मोफत वकील देतं आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या ‘मनोधैर्य’ योजनेतल्या मदतीचा अर्जही तिथेच जातो.

‘दिलासा’ पुढे मुंबईच्या अकरा पालिका रुग्णालयांत पोचलं, केरळने त्याच धर्तीवर ‘भूमिका’ केंद्रं काढली. २०१५ पासून केंद्र सरकारची ‘सखी’ वन स्टॉप सेंटरंही आली. त्यांची गरज आहेच. पण वेगळ्या पाटीच्या इमारतीत शिरताना बाई चार वेळा मागे वळून पाहते. रुग्णालयाच्या गर्दीत, हातात केस पेपर धरलेल्या बाईकडे कुणी वळून पाहत नाही. म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, डोळ्यांच्या नि दातांच्या ओपीडीसारखीच ही एक खोली असावी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर हे नंबर जवळ ठेवा: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीला ११२, मोफत कायदेशीर सल्ल्याला १५१००. आणि कुणी तुमच्यापाशी येऊन बोललीच, तर तिला सांगा, केस पेपर काढायला पोलिसांची चिठ्ठी लागत नाही.