भावाचा रकाना

वडील गेल्यावर लालबागच्या खोलीतला पोटमाळा मोकळा करताना पत्र्याच्या ट्रंकेत अकरा वह्या निघाल्या. लाल कापडी पाठीच्या, लांबोडक्या, दुकानदाराच्या गल्ल्यावर असतात तशा. वडील गिरणीत विणकर होते. हिशेबाच्या वह्यांशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. उघडून पाहिल्यावर कळले, की या महालक्ष्मीच्या रेसच्या वह्या आहेत. पट्टीने आखलेले रकाने: घोड्याचे नाव, वय, पाठीवरचे वजन, जॉकी, गेट नंबर, अंतर, मैदान कसे होते, किती लेंग्थने जिंकला किंवा हरला. त्यांनी निवडलेल्या घोड्याखाली शिसपेन्सिलीची रेघ. आणि ती रेघ पहिल्या आलेल्या घोड्याखाली बऱ्याच वेळा होती.

चाळीतले लोक शनिवारी रात्री त्यांच्याकडे 'उद्या काय?' विचारायला का येत, ते मला त्या दिवशी समजले. आईला वह्या दाखवल्या, तर ती म्हणाली, "घोडं त्यांना कळायचं रे. पैसा कुठं जायचा, ते मला कधी कळलं नाही."

हा लेख आईच्या दुसऱ्या वाक्याचे उत्तर शोधताना झाला आहे. माझे औपचारिक शिक्षण बारावीपर्यंतचे. संख्याशास्त्र मी रस्त्यावरच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून शिकलो, त्यामुळे जाणकारांना यात काही ढोबळ वाटले तर त्यांनी सांभाळून घ्यावे. मी स्वतः आजवर रेसवर एक रुपयाही लावलेला नाही. हे शहाणपण नव्हे; आमच्या घरात ती हिंमत कोणाची होणे शक्यच नव्हते.

आधी घोडा 'कळणे' म्हणजे काय, ते पाहू. रेसला न गेलेल्या वाचकाला वाटते, की सगळ्यात वेगवान घोडा शोधायचा आणि त्यावर पैसे लावायचे. पण आपल्याकडच्या बहुसंख्य शर्यती 'हँडिकॅप' असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या आजवरच्या कामगिरीवरून रेटिंग दिलेले असते आणि त्या प्रमाणात त्याच्या पाठीवर वजन चढवतात. रेटिंगमधले दोन गुण म्हणजे एक किलो. खोगीर आणि जॉकी मिळून वजन कमी भरले, तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ॲडमिरल हेन्री राउस याने या वजनशास्त्राला शिस्त लावली, आणि थोड्याफार फरकाने तीच पद्धत जगभर गेली. वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे, म्हणजे हँडिकॅपरचे, स्वप्न एकच: सगळे घोडे एका रेषेत विजयखांबापाशी पोचावेत. त्याला ते कधीच साधत नाही. पण तो साधण्याच्या जितका जवळ जाईल, तितके अंदाज वर्तवणाऱ्याचे काम कठीण होते. तेव्हा अभ्यासकाचा पहिला सामना घोड्यांशी नसतो, हँडिकॅपरशी असतो.

उदाहरण घेऊ. मागच्या १६०० मीटरच्या शर्यतीत काळ्या घोड्याने तांबड्याला दोन लेंग्थने मागे टाकले. दोघांवर सारखेच वजन होते. आज त्याच अंतरावर काळ्यावर तांबड्यापेक्षा ३ किलो जास्त आहेत. जाणकारांचा ढोबळ आडाखा असा, की १६०० मीटरला साधारण एक किलो म्हणजे एक लेंग्थ. कमी अंतराच्या शर्यतीत एका लेंग्थला जास्त वजन लागते, लांब पल्ल्याला कमी. म्हणजे कागदावर आज तांबडा एका लेंग्थने पुढे. वडिलांच्या वह्यांत समासात अशी बेरीज-वजाबाकी ठिकठिकाणी आहे. ते सातवी शिकलेले होते.

कागदावरचा हा निकाल मग बाकीच्या गोष्टींनी हलवायचा. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात असतो, मुंबईचा हिवाळ्यात. पुण्याच्या ओल्या, मऊ हिरवळीवर पळालेला घोडा महालक्ष्मीच्या कोरड्या मैदानावर तसाच पळेल असे नाही. त्यासाठी मैदान किती मऊ आहे, हे पेनिट्रोमीटर नावाच्या साधनाने मोजून तो आकडा जाहीर करतात. गेट नंबरही पाहायचा. वळण लवकर येणार असेल, तर बाहेरच्या गेटमधल्या घोड्याला जास्त अंतर कापावे लागते. पायात ॲल्युमिनिअमचे हलके नाल आहेत की पोलादी, याचीही यादी निघते. मुरलेले रेसवाले ती यादी नावांच्या आधी वाचतात, कारण पोलाद काढून ॲल्युमिनिअम ठोकले म्हणजे तबेल्याला आज घोडा पळवायचा आहे, असा त्यांचा समज. शिवाय पहाटेच्या सरावाच्या वेळा वर्तमानपत्रांत छापून येतात: अमुक घोडा ६०० मीटर इतक्या सेकंदांत, 'सहज' किंवा 'रेटून'. या वेळांवर माझा फारसा विश्वास नाही. सरावाला पाठीवर किती वजन होते आणि स्वाराने लगाम किती खेचून धरला होता, हे छापील आकडा सांगत नाही.

डर्बीची गोष्ट निराळी. इंडियन डर्बी १९४३ साली सुरू झाली आणि पहिल्या वर्षी बडोद्याच्या महाराजांची 'प्रिन्सेस ब्युटिफुल' ही घोडी जिंकली. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला २४०० मीटरवर होणारी ही चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत. इथे कामगिरी पाहून वजन चढवत नाहीत. घोडीला थोडी सूट, बाकी सारे समान. हँडिकॅपर बाजूला झाला, तरी नवा प्रश्न येतो: यातले बहुतेक घोडे इतके लांब कधी पळालेलेच नसतात. १६०० मीटरला जिंकणाऱ्याचा दम शेवटच्या ४०० मीटरपर्यंत टिकेल का? उत्तर आई-बापांच्या वंशावळीत शोधायचे. त्यात बंगळूर, हैदराबादहून आलेले घोडे मुंबईच्या घोड्यांशी कधी पळालेले नसतात, म्हणजे तुलनेला समान मापच नसते. डर्बीचे अंदाज वाचायला सर्वांत रंजक असतात, याचे कारण माझ्या मते हेच. त्यांत प्रत्येक लेखकाला थोडी कादंबरी लिहावी लागते.

हे सगळे कौशल्य आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्यासाठी तामिळनाडूने १९८६ साली केलेल्या कायद्याचा तो खटला. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणे हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा जुगार नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. या निकालाच्या बातमीचे कात्रण वडिलांच्या शेवटच्या वहीत चिकटवलेले आहे. खळ लावून, चारी कडा नीट दाबून. बातमीखाली त्यांनी काही लिहिलेले नाही.

न्यायालय बरोबर होते, असे मला वाटते. घोडा ओळखणे हे कौशल्यच आहे. आईचा प्रश्न मात्र त्यापुढचा होता, आणि तो टोटच्या हिशेबात सुटतो.

टोट म्हणजे एका शर्यतीवर लागलेले सगळे पैसे एका पेटीत टाकून, त्यातून क्लबचा वाटा आणि कर कापून, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटणे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जोसेफ ऑलेरने काढलेली ही युक्ती. तिथे भाव कोणी ठरवत नाही. लोकांचे पैसेच तो ठरवतात. समजा, पेटीत १,००,००० रुपये जमले. हिशेबाच्या सोयीसाठी २० टक्के कापले असे धरू. वाटायला ८०,००० उरले. लोकांच्या लाडक्या घोड्यावर, म्हणजे फेव्हरिटवर, ४०,००० लागले आहेत. तो जिंकला तर १० रुपयांना २० मिळतील. एका दुर्लक्षित घोड्यावर फक्त ५,००० आहेत. तो आला तर १० रुपयांना १६०.

आता असे धरा, की लोकांचा अंदाज अगदी बिनचूक आहे. पहिला घोडा खरोखरच शंभरात चाळीस वेळा जिंकतो आणि दुसरा शंभरात पाच वेळा. पहिल्यावर शंभर वेळा दहा-दहा रुपये लावले, तर खर्च १,०००. मिळकत ४० गुणिले २०, म्हणजे ८००. दुसऱ्यावर लावले, तरी खर्च १,०००; मिळकत ५ गुणिले १६०, म्हणजे पुन्हा ८००. चाळीस वेळा जिंकणारा आणि पाच वेळा जिंकणारा, दोघांच्याही खिशात तेवढेच उरतात.

हे गणित मी पहिल्यांदा मांडले त्या रात्री मला झोप लागली नाही. वडिलांच्या पेन्सिलीच्या रेघा डोळ्यांसमोर होत्या. ते जास्त वेळा बरोबर येत होते, कारण त्यांचे घोडे बहुधा फेव्हरिट होते. वजन, अंतर, जॉकी, गेट, त्यांच्या वहीतला प्रत्येक रकाना रेसच्या पुस्तकातून आलेला, आणि ते पुस्तक मैदानावर प्रत्येकाच्या हातात. तांबडा घोडा तीन किलोंनी हलका झाला, हे त्यांना दिसले तसे हजारोंना दिसले, आणि त्या हजारोंच्या पैशांनी तांबड्याचा भाव खाली आणला. पेसी श्रॉफसारखा, आठ वेळा डर्बी जिंकलेला जॉकी घोड्यावर बसला, की त्याचे कसब घोड्याला मिळत असे आणि भावातून वजाही होत असे.

वरच्या उदाहरणात मुद्दल तरी सुटायला फेव्हरिट शंभरात चाळीस नव्हे, पन्नास वेळा जिंकायला हवा. म्हणजे साऱ्या मैदानाला जितके कळते, त्याच्या सव्वापट तुम्हाला कळले पाहिजे, तेही नफ्यासाठी नव्हे, शून्यावर येण्यासाठी. कपात वाढली की ही अट आणखी कडक होते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा रेसवर २८ टक्क्यांचा दर लागला. तो क्लबच्या कमिशनवर की लावलेल्या पूर्ण रकमेवर, हा वाद न्यायालयांत गेला. सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला आहे. कौशल्याचा खेळ ठरलेल्या शर्यतीत कौशल्याला जागा किती उरते, याची चर्चा कर ठरवताना कोणी केलेली माझ्या वाचनात नाही.

मग कोणीच जिंकत नाही का? जिंकतात, पण त्यांची रीत वेगळी असते. १९४९ साली आर. एम. ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकन शर्यतींचे आकडे तपासून दाखवले, की लोक दुर्लक्षित घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. म्हणजे गर्दी चुकते, आणि ठरावीक दिशेने चुकते. पण ही चूक बहुधा कपातीपेक्षा लहान पडते. १९८०च्या दशकात बिल बेंटर हा ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजणारा अमेरिकन हाँगकाँगला गेला आणि त्याने घोड्यांच्या कामगिरीचे संगणकी गणित बसवले. सुरुवातीला तो हरला. पुढे त्याने प्रचंड पैसा कमावला आणि १९९४ साली आपली पद्धत एका शोधनिबंधात मांडली. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की निव्वळ स्वतःच्या गणितावर तो थांबला नाही. त्याने त्यात लोकांचा भावही एक घटक म्हणून घातला. आपल्याला न दिसलेले काही गर्दीला दिसत असते, हे त्याने मान्य केले. मग दोन्ही मिळून येणारी शक्यता भावापेक्षा पुरेशी जास्त असेल, तेवढ्याच घोड्यांवर पैसे.

वर्तमानपत्रातला अंदाज हे करूच शकत नाही. तो आदल्या दिवशी छापला जातो, तेव्हा भाव ठरलेला नसतो. 'पहिला, दुसरा, तिसरा' एवढेच तो सांगतो. 'अमुक घोड्याला दहाला चाळीसच्या वर मिळत असतील तर लावा, नाहीतर सोडा', असे वाक्य मराठी रेस-अंदाजांत मी अजून वाचलेले नाही. तसे लिहिणाऱ्याला वाचक लाभणार नाही, हेही खरे. लोकांना नाव हवे असते. चाळीतलेही नावच विचारायला यायचे.

अकराही वह्या मी पुन्हा चाळल्या. त्यांत भावाचा रकाना कुठेही नाही. किती लावले, किती आले, तेही नाही.

तो रकाना मी आता आखायला घेतला आहे. ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींत सोमवारच्या अंकात टोटचे भाव सापडतात. एका रविवारी सहापैकी त्यांचे तीन घोडे पहिले आले होते. प्रत्येकावर दहा रुपये लावले असतील असे धरले, तर त्या तिघांचे मिळून ४४ रुपये होतात, लावलेले ६०. त्या संध्याकाळी ते घरी खुशीत आले असणार. तीन बरोबर म्हणजे चाळीत मान होता.

सात वह्या झाल्या, चार उरल्या आहेत. १९८२ची वही सगळ्यांत जाड आहे. त्या जानेवारीत संप सुरू झाला आणि वडिलांकडे वेळच वेळ आला. इतक्या बारीक नोंदी आधीच्या कुठल्याच वर्षी नाहीत. पैसे लावत होते की नुसत्याच रेघा मारत होते, ते वहीवरून कळत नाही. आईच्या पाटल्या त्याच वर्षी गेल्या. रेसला गेल्या का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, वाण्याला गेल्या.