विश्लेषण : कुत्र्याच्या अंगावरचा गोचीड घराच्या भिंतीत कसा पोहोचतो? मिरा-भाईंदरमधील पाळीव प्राण्यांना खरा धोका कशाचा?

दोन दिवस कुत्रा जेवणाला तोंड लावत नाही. आवडीची अंडीही हुंगून सोडतो, जिन्यात मध्येच बसतो. घरच्यांना वाटते, उकाड्याने असेल. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्ताचा थेंब पडतो आणि मग धावपळ सुरू होते. पशुवैद्यकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गेल्या महिन्यात अंगावर गोचीड दिसला होता का? बहुतेकांचे उत्तरही ठरलेले असते : एकच दिसला होता, काढून टाकला.

या ‘एकच’मध्ये सगळी गोम आहे. पिसवा, गोचीड आणि हार्टवर्म म्हणजे हृदयातला जंत, ही तीन नावे औषधांच्या खोक्यांवर आणि परदेशी व्हिडीओंमध्ये एका दमात घेतली जातात. मिरा-भाईंदरसारख्या दमट, दाटीच्या आणि खाडीकाठच्या शहरात मात्र या तिघांचे वजन सारखे नाही.

इथे सर्वाधिक घातक कोण?

गोचीड. पिसवा छळतात, क्वचित पिल्लाला अशक्त करण्याइतके रक्तही पितात. हार्टवर्म जीवघेणा असला तरी देशाच्या सर्व भागांत तो सारखा आढळत नाही. गोचिडाने पसरणारे ताप मात्र मुंबई आणि परिसरातल्या दवाखान्यांत बारमाही असतात. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख अशा चार ठिकाणच्या कुत्र्यांचे रक्त तपासून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गोचिडातून येणारे ‘हेपॅटोझून’ आणि ‘एर्लिकिया’ हे जंतू त्यात ठळकपणे आढळले होते. 

थंड देशांत हिवाळा गोचिडांना आणि पिसवांना काही काळ तरी रोखतो. इथे जानेवारीतही घरातली हवा त्यांना मानवते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ओलसर महिन्यांत त्रास वाढतो, हे खरे. पण ‘आता सीझन संपला’ म्हणून औषध थांबवण्याजोगा महिना मिरा रोड किंवा भाईंदरच्या दिनदर्शिकेत नाही.

गोचीड कुत्र्यावर राहतो की घरात?

बराचसा काळ घरात. शहरात दिसणारा तपकिरी गोचीड इतर अनेक गोचिडांहून वेगळा आहे. त्याला गवत-झाडी लागत नाही. माणसाच्या घरात, कुत्र्याच्या सोबतीने त्याची पिढ्यानपिढ्यांची वस्ती होऊ शकते. अंड्यातून बाहेर पडलेले सहा पायांचे पिल्लू कुत्र्यावर चढते, रक्त पिते आणि खाली उतरते. कात टाकून आठ पायांचे झाले की पुन्हा चढते, पुन्हा उतरते. प्रौढ झाल्यावर तिसऱ्यांदा चढते. रक्त पिऊन वाटाण्यासारखी फुगलेली मादी खाली उतरून फटीत शिरते, हजारो अंडी घालते आणि मरते. एका मादीची अंडी चार हजारांच्या आसपास भरू शकतात.

म्हणजे कुत्र्याच्या अंगावरून आपण दोन गोचीड वेचतो, तेव्हा त्यांची भावंडे दाराच्या चौकटीत, कपाटामागे, पडद्याच्या दुमडीत, लाद्या आणि भिंत मिळतात त्या सांध्यात बसलेली असतात. या जातीला वर चढायची सवय आहे. त्यामुळे संध्याकाळी भिंतीवरून संथपणे वर सरकणारा ठिपका दिसला, तर तो कोळी समजून सोडून देऊ नये. उपाशीपोटी हे प्रौढ गोचीड महिनोन् महिने तग धरतात.

इमारतीतही हेच चालते. पार्किंगमध्ये झोपणारे कुत्रे, वॉचमनच्या केबिनमागचा कोपरा, जिन्याखाली ठेवलेल्या जुन्या गाद्या ही त्यांची आवडती ठिकाणे. घरातला कुत्रा दिवसातून दोनदा त्याच वाटेने जातो. ‘आमचा तर घरातच असतो’ हे वाक्य म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही.

गोचीड ताप म्हणजे नेमके काय?

तो एकच आजार नाही. एर्लिकिया हा जीवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो. ताप, सुजलेल्या गाठी, मलूलपणा दिसतो, प्लेटलेट घसरतात. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येऊ शकते, पोटावर लाल-जांभळे डाग उठतात. चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात, तोवर गोचीड काढल्याचे घरचे विसरूनही गेलेले असतात. काही कुत्री औषधाविना बरी झाल्यासारखी वाटतात, पण जंतू दबा धरून राहतो आणि महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही, रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर घाव घालतो. हा टप्पा सर्वांत अवघड.

‘बबेसिया’ हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट पडतात, लघवी काळ्या चहासारखी होते, चार पावले चालून कुत्रा धापा टाकतो. अशा वेळी उद्यापर्यंत थांबू नये. काही कुत्र्यांना रक्त चढवावे लागते. हेपॅटोझूनची तऱ्हा आणखी निराळी : गोचीड चावल्याने नव्हे, तर अंग चाटताना कुत्र्याने गोचीड गिळल्याने तो शरीरात जातो. एकाच कुत्र्यात यातले दोन-दोन आजार एकत्र सापडणे नवलाचे नाही.

या आजारांची औषधे वेगवेगळी आहेत. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो, बबेसियाला ते पुरत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी देण्यापेक्षा रक्ततपासणी आधी. चौथ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवू लागला म्हणून कोर्स अर्धवट सोडणे, ही दुसरी नेहमीची चूक.

दिसलेला गोचीड कसा काढावा?

बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीच्या अगदी जवळ धरून, सरळ आणि सावकाश ओढून. पिळू नये, झटका देऊ नये. काडीने चटका देणे, रॉकेल किंवा तेल ओतणे हे प्रकार टाळावेत. त्यात कुत्र्याची कातडी भाजते आणि डिवचलेला गोचीड जखमेत लाळ सोडतो. काढलेला गोचीड नखाने चिरडू नये, झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकावा. कानाच्या आतली घडी, बोटांमधल्या बेचक्या, काख, शेपटीखालची जागा आणि पट्ट्याखालची मान रोज चाचपावी. पाच मिनिटांचे काम आहे. एर्लिकिया चावल्यापासून काही तासांतही शरीरात जाऊ शकतो, तेव्हा रविवारची आंघोळ आली की बघू, असे करून चालत नाही.

पिसवा घरात नाहीत, मग सुट्टीवरून परतल्यावर कुठून येतात?

मे महिन्यात किंवा गणपतीला गावी गेलेले कुटुंब दहा-पंधरा दिवसांनी कुलूप उघडते आणि पायांवर काळे ठिपके उड्या मारू लागतात. हा अनुभव अनेकांचा आहे. पिसू कुत्र्या-मांजराच्या अंगावर अंडी घालते, एका दिवसात चाळीस-पन्नासपर्यंत. ती मिठाच्या कणांसारखी घरंगळून गादीत, सोफ्यात, पायपुसण्यात पडतात. अळी पुढे कोष विणते आणि कोषातली पिसू महिनोन् महिने थांबू शकते. पावलांची धडधड, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर येते. बंद घरात भक्ष्य नव्हते, दार उघडताच मिळाले, इतकेच.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो : अंथरुणे गरम पाण्यात धुणे, व्हॅक्यूम क्लीनर किंवा निदान झाडूने फटी साफ करणे, कचरा लगेच घराबाहेर टाकणे आणि घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध देणे. मांजराच्या शेपटीजवळ तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमीचे असतात. अंग चाटताना पिसू गिळल्याने हा कृमी होतो. पिसवा न घालवता केवळ जंताचे औषध दिले, की महिनाभराने तेच तुकडे पुन्हा दिसतात.

हार्टवर्मची भीती कितपत खरी?

हत्तीरोगाच्या जंताचा हा भाऊबंद डास चावल्याने पसरतो. मिठागरे, तिवरे, खाडी आणि बांधकामांवर साचलेले पाणी असलेल्या शहरात डासांची वानवा नाही, म्हणून भीती साहजिक आहे. डासाने सोडलेल्या अळीचा प्रौढ जंत व्हायला सहा-सात महिने लागतात. मादी जंत फूटभर लांब वाढते आणि हृदय-फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत पाच ते सात वर्षे जगू शकते. खोकला, दमणे, पोटात पाणी होणे ही उशिराची लक्षणे.

परंतु भारतात या जंताच्या नोंदी प्रामुख्याने ईशान्येकडच्या राज्यांतून येत आल्या आहेत. देशाच्या इतर भागांत त्याचा चुलत भाऊ अधिक भेटतो. ‘डायरोफायलेरिया रेपेन्स’ नावाचा हा जंत हृदयात न जाता कातडीखाली राहतो. डासामार्फत तो माणसातही येऊ शकतो. केरळमध्ये रुग्णांच्या डोळ्यातून असे जंत काढल्याच्या अनेक नोंदी आहेत.

मग प्रतिबंधक औषध द्यावे का? ईशान्येतून आणलेला, सतत प्रवास करणारा किंवा परदेशातून परतलेल्या कुटुंबाचा कुत्रा असेल, तर डॉक्टरांशी हा विषय जरूर काढावा. मात्र प्रौढ कुत्र्याची रक्ततपासणी आधी, गोळी नंतर. रक्तात जंताची पिल्ले आधीच असतील, तर ती एकदम मेल्याने कुत्र्याला झटका बसू शकतो. या प्रतिबंधाला आयव्हरमेक्टिनची अगदी सूक्ष्म मात्रा पुरते. गोचिडांसाठी म्हणून सर्रास टोचली जाणारी मात्रा तिच्या कितीतरी पट असते. कोली जातीच्या आणि तिचे रक्त असलेल्या कुत्र्यांना ती जीवघेणी ठरू शकते.

औषध निवडताना काय पाहावे?

सर्वांत आधी, घरात मांजर आहे का ते. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते, मांजराला मात्र विष ठरते : थरथर, झटके आणि वेळेत उपचार न मिळाल्यास मृत्यू. नुकतेच थेंब टाकलेल्या कुत्र्याला मांजर बिलगून झोपले, तरी धोका असतो. गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारी डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझची बाटली दुकानातून आणून अंदाजाने पाण्यात कालवणे, हा खेळ तर दोघांनाही महागात पडतो. मांजर असलेल्या घरात फिनाइलने लादी पुसणेही टाळावे. कापराच्या वड्यांचेही तेच : पोटात गेल्या तर विषबाधा होते. कडुनिंबाचा वास बरा, पण हजारो अंड्यांपुढे त्याचा निभाव लागत नाही.

अलीकडे अफोक्सोलेनर, फ्लुरालेनर, सॅरोलेनर या गटातल्या चघळायच्या गोळ्या सर्वाधिक वापरल्या जातात. काही महिन्याला द्यायच्या असतात, फ्लुरालेनरची एक गोळी साधारण तीन महिने चालते. गोचीड चावल्यावर, रक्तातल्या औषधाने मरतो. तेव्हा गोळी देऊनही अंगावर एखादा गोचीड दिसणे म्हणजे औषध नकली, असे नव्हे. संसर्गाची शक्यताही घटते, शून्य होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटामुळे काही प्राण्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा दिला होता. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आली आहे, त्याच्या मालकाने ते आधी सांगावे. गोळी महाग पडते म्हणून मोठ्या कुत्र्याची गोळी दोन लहान कुत्र्यांत वाटली जाते. औषध प्रत्येक तुकड्यात समप्रमाणात असेल, याची खात्री नसते. वजन करूनच गोळी घ्यावी.

भटक्या कुत्र्यांचे आणि सोसायटीचे काय?

एकट्या फ्लॅटने लढून ही लढाई जिंकता येत नाही. आवारातल्या कुत्र्यांना खाऊ घालणारे रहिवासी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यांनाही गोळी देऊ लागले, तर गोचिडांचे रक्तपान तुटते. कुत्रे हुसकावून ते होत नाही. फटीतले गोचीड तिथेच राहतात आणि नव्या कुत्र्याची वाट बघतात. पेस्ट कंट्रोल करताना फवारा जमिनीवरच नव्हे, तर भिंतीच्या सांध्यांत आणि चौकटींतही गेला पाहिजे. अंडी आणि फटीत दडलेली पिल्ले पहिल्या फवारणीतून वाचतात, म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. फवाऱ्यात काय आहे, हे मांजरवाल्यांनी विचारून घ्यावे.

माणसांना धोका आहे का?

कुत्र्याचा एर्लिकिया कुत्र्याला कुरवाळल्याने माणसाला होत नाही. मात्र हाच तपकिरी गोचीड माणसालाही चावू शकतो आणि ‘इंडियन टिक टायफस’ हा ताप पसरवू शकतो. गोचीड चावल्यानंतर ताप आणि अंगावर पुरळ आल्यास डॉक्टरांना चावा सांगावा. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातमधील रुग्णांमुळे शेजारच्या पालघर जिल्ह्यात क्रायमीन-काँगो तापाचा सतर्कतेचा इशारा दिला गेला होता; तो मुख्यतः गुराढोरांवरच्या वेगळ्या गोचिडांचा आजार. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात २०१६ पासून चर्चेत असलेला माकडतापही जंगलातल्या गोचिडांकडून येतो. दोन्हींचे खापर घरच्या कुत्र्यावर फोडण्याचे कारण नाही. गणपतीला कुत्र्याला कोकणात नेणाऱ्यांनी मात्र निघण्याआधी काही दिवस त्याची गोळी देऊन ठेवावी, आणि परतल्यावर बॅगा घरात नेण्यापूर्वी गाडीतच त्याचे कान आणि पंजे तपासावेत.