बसलेला घसा आणि चालता धंदा

आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी इंदापुरास येते, त्या दिवशी एखाद्या दिंडीच्या कडेला उभे राहून नुसते आवाज ऐकावेत. देहूहून निघालेल्या मंडळींना बारामती गाठेपर्यंत आठवडा उलटलेला असतो. तेथून सणसर, बेलवडी, निमगाव केतकी करीत ती इंदापुरात पोचतात, तोवर पावसात भिजून, वाटेची धूळ खाऊन आणि दिवसभर गाऊन कित्येकांचे घसे पार बसलेले असतात. पण दिंडी थांबत नाही. ज्याचा आवाज गेला तो मुकाट्याने टाळ धरतो. पुढचा चरण दुसरा कुणी उचलतो. घसा सुटला की पहिला गडी पुन्हा आपल्या जागी!

हे मी इतक्या आपुलकीने पाहतो, कारण आवाज हीच माझी भाकरी आहे. याच बारामतीत, कऱ्हेकाठी, मोरोपंतांनी बाबूजी नाइकांच्या पदरी राहून पुराण सांगितले. आम्ही त्यांच्या मानाने अगदीच किरकोळ! बियाण्याची जाहिरात, शेतीवरच्या माहितीपटाचे निवेदन, क्वचित एखादी श्रुतिका, आणि निवडणूक आली म्हणजे रिक्षावरून गल्लोगल्ली फिरणारी घोषणा. नोकरदाराला ताप आला तर रजेचा अर्ज असतो. आमचा अर्ज घ्यायला साहेबच नाही!

काही वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. उसाचा गळीत हंगाम भरात होता, रानोरान पाचट पेटत होते आणि धुराने सकाळी डोळे चुरचुरत. मला सर्दी झाली, घसा धरला आणि नेमके त्याच आठवड्यात चाळीस घोषणांचे काम आले. ‘नाही’ म्हणायची छाती झाली नाही. खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमध, सगळी शस्त्रे परजून मी ध्वनिमुद्रणाला बसलो. पहिल्या दिवशी आवाज जरा घोगरा लागला. काम देणारे गृहस्थ म्हणाले, “वा! भारदस्त वाटतोय!” मी फुललो. तिसऱ्या दिवशी आवाज फाटला आणि चौथ्या दिवशी तोंड उघडले तर नुसती हवा. उरलेले काम दुसऱ्याकडे गेले आणि माझे पैसे निम्म्यावर आले.

पुण्याच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिले आणि मला शाळामास्तरासारखे समजावले. पुरुषमाणूस साधे बोलतो तेव्हाही घशातल्या दोन स्वरतंतूंच्या कडा सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकींवर आदळतात. साध्या सर्दीने आलेली सूज बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरते. पण सुजेवर जोर करून बोलत राहिले की कडांना इजा होते आणि चार दिवसांचे दुखणे चार महिन्यांवर जाते. खडीसाखरेने तोंड गोड होते, तंतूंपर्यंत ती पोचतच नाही! त्यांनी पाणी भरपूर प्यायला सांगितले, वाफ घ्यायला सांगितली आणि मौन सांगितले. “कुजबूजसुद्धा नको,” असे त्यांनी दोनदा बजावले. तिनेही घशाला ताण पडतो म्हणे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती आमच्या भागात मुद्दाम लिहावीशी वाटते. घोगरेपणा तीन आठवडे हटला नाही तर घसा तपासून घ्यावा, आणि तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर त्यात मुळीच हयगय करू नये.

घरी आलो. पाटी-पेन्सिल घेतली. दिवस जाता जाईना. त्या दिवसांत मला कुमार गंधर्वांचा फार आधार वाटला. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा गवई ऐन उमेदीत, १९४८ च्या सुमारास, क्षयाने अंथरुणाला खिळला. कोरड्या हवेसाठी देवासला जाऊन राहिला आणि डॉक्टरांनी गाणे बंद केले. पाचेक वर्षे! पण कान कुणी बंद केले नव्हते. माळव्यातल्या बायाबापड्यांची लोकगीते ते पडल्या पडल्या ऐकत राहिले, मनात घोळवीत राहिले. नवी औषधे आली, दुखणे हटले. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेले होते, आणि गाणे मात्र नवे होते. लोक ही कथा सांगतात तेव्हा त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंना एका वाक्यात आटोपतात. शुश्रूषा करून त्यांनी शिक्षिकेची नोकरीही केली. गवयाचे मौन कुणाच्या तरी पगारावर उभे असते! माझ्या घरीही त्या दोन महिन्यांत शिवणयंत्राचा खडखडाट रात्री अकरापर्यंत चाले.

मग लाज वाटून मीही कान कामाला लावले. स्वतःची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली आणि गार पडलो. प्रत्येक वाक्याचा शेवट मी गिळत होतो! वीस वर्षांत कुणी बोलले नाही. बाजारात जाऊन डाळिंबवाल्याची आरोळी ऐकली. तो दिवसभर ओरडतो, पण श्वास कुठे घेतो ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्यांसाठी जाहिरातींचे मजकूर लिहून दिले. एका मित्राच्या ध्वनिमुद्रणातले खोकले आणि अडखळणे संगणकावर बसून कापून दिले. उत्पन्न नेहमीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे झाले असेल, पण किराण्याचे बिल भागले. तेव्हापासून प्रकृती ठणठणीत असताना मी नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या दोन-चार घोषणा आगाऊ करून ठेवतो, आणि घसा धरला की दुसऱ्या आवाजाचे नाव स्वतःच सुचवतो. प्रथम हे फार जड गेले. गंमत अशी, की तो दुसरा आवाज आता आजारी पडला म्हणजे माझे नाव सुचवतो.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी रोज पाच मिनिटे बोलायची परवानगी दिली. पहिले वाक्य काय बोलावे याचा मी वाटभर विचार करीत होतो. घरात शिरलो आणि तोंडातून निघाले, “चहा आहे का?”

शिवणयंत्र थांबले. “अहो, आवाज आला की!” ती म्हणाली, आणि दोरा तोडीत पुढे म्हणाली, “पण आणखी चार दिवस पाटीवरच लिहा. घर कसे शांत होते!”