कारागिरांनी गॉगल कसा निवडावा?

मेडशी हे अकोला-वाशीम रस्त्यावरचे गाव. अशा गावांतून ग्रिल, गेट आणि शेतीच्या अवजारांची कामे करणारे आपले कारागीर बांधव गॉगल घेतात. पण घामाने काच धुरकट झाली की तो कपाळावर चढवतात. ग्राइंडरचा लोखंडी कण नेमका तेव्हाच डोळ्यात जातो. म्हणून गॉगल कसा निवडावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

भिंग पॉलिकार्बोनेटचे असावे. साधी काच फुटते आणि तिचेच तुकडे डोळ्यात जातात. अशा गॉगलसाठी आय.एस. ५९८३ हे भारतीय मानक आहे. तो क्रमांक पाहूनच खरेदी करावी. उन्हाचा गॉगल येथे चालत नाही. वेल्डिंगसाठी काळी काच वेगळी लागते.

दुकानातच गॉगल लावून मान खाली घालावी, डोके हलवून पाहावे. तो सरकू नये आणि कडेला फट राहू नये. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरूनच लावून पाहावा.

आतली गरम, दमट हवा त्यामानाने थंड भिंगाला लागली की वाफ धरते. सरळ भोकांतून हवा खेळते, पण बारीक किसही आत येतो. म्हणून आडोसा असलेली भोके आणि आतून वाफरोधक लेप असलेला गॉगल घ्यावा. लेप कोरड्या फडक्याने घासू नये; पाण्याने धुऊन वाळवावा.

कण गेलाच तर डोळा चोळू नये, काडीने कण काढू नये. लोखंड बुबुळावर गंजते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. गॉगल पुन्हा विकत मिळतो, डोळा मिळत नाही.