स्वयंपाकघरातील कचऱ्यापासून गांडूळखत

प्रत्येक घरी रोज भाजीचे देठ, फळांच्या साली, शेंगांची टरफले व चहाचा चोथा निघतो. बहुधा तो उकिरड्यावर फेकला जातो. उघड्यावर त्यास दुर्गंधी सुटते, माशा वाढतात आणि त्यातील नत्राचा बराच अंश वायुरूपाने उडून अथवा पावसाने वाहून व्यर्थ जातो. हाच कचरा गांडुळांकडून कुजवून घेतल्यास परसबागेस उत्तम खत मिळते. परंतु उत्साहाने भरलेली खोकी पुष्कळदा थोड्याच दिवसांत ओस पडतात. गांडूळ हा सजीव प्राणी आहे. गोठ्यातील गुराप्रमाणेच त्यास निवारा, ओलावा व बेताचा चारा लागतो, हे विसरल्याचा तो परिणाम होय.

गांडुळाचे कार्य

गांडुळास दात नसतात. जिवाणूंमुळे मऊ पडलेला कचरा ते गिळते, पोटातील स्नायुमय पिशवीत मातीच्या कणांच्या साहाय्याने तो दळते आणि बारीक कणीदार विष्ठेच्या रूपाने बाहेर टाकते. हेच गांडूळखत. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८८१ साली गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून जमिनीच्या घडणीतील त्यांचे महत्त्व दाखवून दिले. गांडूळ त्वचेने श्वसन करते. म्हणून त्यास ओल सदैव हवी, पण साचलेले पाणी सोसत नाही.

खोक्यासाठी शेतातील खोल बिळे करणारी गांडुळे उपयोगी नाहीत. पृष्ठभागाजवळ राहून कचरा खाणाऱ्या ‘आयसेनिया फेटिडा’ किंवा ‘युड्रिलस युजेनी’ या जाती घ्याव्यात. त्यांविषयी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

खोके भरण्याची रीत

सुमारे ६० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद व ३० खोल असे लाकडी खोके, प्लास्टिकचे क्रेट किंवा मोठी कुंडी चालते. तळास भोके असावीत. प्रथम विटांच्या तुकड्यांचा ५ सेंटीमीटर थर द्यावा. त्यावर नारळाच्या शेंड्या, पाचट किंवा पालापाचोळा पसरावा व नंतर अर्धवट कुजलेल्या शेणाचा १० सेंटीमीटर थर द्यावा. ताजे शेण घालू नये. ते कुजताना तापते व गांडुळे मरतात. पाणी शिंपडून अर्धा किलो गांडुळे सोडावीत व वर ओले गोणपाट झाकावे. खोके सावलीत, पावसापासून आडोशाला ठेवावे.

चाऱ्याचे प्रमाण

येथेच सर्वाधिक चूक घडते. गांडुळे रोज साधारणपणे आपल्या वजनाच्या निम्मा चारा खातात. म्हणजे अर्धा किलो गांडुळांस दिवसाकाठी पाव किलो कचरा पुरे. प्रारंभी त्याहूनही कमी घालावा. घरात एक किलो कचरा निघत असल्यास उरलेला खताच्या खड्ड्यात टाकावा व गांडुळांची संख्या वाढेल तसतसे प्रमाण वाढवावे. कचरा बारीक चिरून, कोपऱ्याकोपऱ्याने पुरावा व त्यावर मूठभर सुका पाला टाकावा. मीठ, तेल, मासे, मटण व तिखट शिळे अन्न घालू नये. लिंबाच्या साली अगदी थोड्या घालाव्यात.

घ्यावयाची काळजी

१) खोक्यातील मिश्रण मुठीत दाबले असता हातास ओल लागावी, पाणी टपकू नये.

२) आंबूस वास आल्यास चारा अधिक झाला असे समजावे. काही दिवस चारा बंद ठेवून सुका पाला मिसळावा.

३) मुंग्यांपासून बचावासाठी खोके तिवईवर ठेवून तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. कीटकनाशक मुळीच वापरू नये. कोंबड्या व उंदीर यांपासून जाळीने रक्षण करावे.

४) विदर्भ-मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात गोणपाट दिवसातून दोन-तीन वेळा भिजवावे.

खत काढणे

सुमारे दोन ते तीन महिन्यांत कचरा काळसर, कणीदार होतो व त्यास मातीचा सुवास येतो. तीन-चार दिवस चारा-पाणी थांबवून मिश्रण उजेडात गोणपाटावर ढिगाने ओतावे. उजेड टाळण्यासाठी गांडुळे तळाशी जातात. वरचे खत हलकेच काढून घ्यावे. उरलेली गांडुळे व त्यांचे बारीक पिवळसर कोष पुन्हा खोक्यात सोडावेत.

भाजीच्या कचऱ्यात पाण्याचाच अंश फार असतो. दहा किलो कचऱ्यापासून एक-दोन किलोहून अधिक खताची अपेक्षा धरू नये. कुंड्या, वेलवर्गीय भाज्यांची आळी व रोपवाटिका यांस ते पुरेसे आहे. एकरभर शेतीस नव्हे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मर्यादा प्रारंभीच स्पष्ट सांगावी, अन्यथा निराशा पदरी पडून चांगली पद्धतही बदनाम होते. शेतासाठी याच रीतीने गोठ्यातील शेण व काडीकचरा यांचे मोठे वाफे भरता येतात. ज्या घराने खोक्यातील गांडुळे एक उन्हाळा व एक पावसाळा जगवली, त्या घरास वाफा सांभाळणे अवघड जात नाही. यास्तव गावात प्रथम एक-दोन घरी खोकी भरून ती वर्षभर नीट चालवून दाखवावीत.